प्लॅन बी ठेवला म्हणजे हार मानली, हे तुला कुणी सांगितलं?

आधी पत्र, थोडं छाटून देतेय.

"ताई, मी २७ वर्षांची, गाव लातूर जिल्ह्यात. चार वर्षं झाली पुण्यात एमपीएससीच्या राज्यसेवेची तयारी करतेय. प्री (पूर्वपरीक्षा) दोनदा निघाली, मागच्या मेन्सला नऊ मार्कांनी इंटरव्ह्यू हुकला. आता पॅटर्न पण बदलला, सगळं लेखी झालं. मधे सहज म्हणून दिलेल्या ग्रुप सीच्या परीक्षेतून लिपिक-टंकलेखक पदावर सिलेक्शन झालंय, पुढच्या महिन्यात जॉइनिंग आहे. आई म्हणते घे. दादा म्हणतो घेतलीस की संपलीस. तो मला रोज खेळाडूंचे रील पाठवतो, खाली लिहितो, 'यांनी प्लॅन बी ठेवला असता तर मेडल आलं असतं का?' आधी ते बघून जोर यायचा, आता रडू येतं, कधी कधी मोबाईल फेकावासा वाटतो. माझ्यात चिकाटीच नाही का? – नवी पेठेतली एक"

अगं बाई, पहिली गोष्ट म्हणजे मोबाईल फेकू नकोस, महाग झालेत. आणि दुसरी, तुझ्या दादाचा मला राग नाही आलेला, त्याच्या पोटात माया आहे ते दिसतंय, पण त्याने खेळाडू बघितलेत ते फक्त तीस सेकंदांच्या रीलमधे, मागे ढोल वाजतोय, स्लो मोशनमधे झेंडा, आणि खाली 'नेव्हर गिव्ह अप'. त्या तीस सेकंदांत न दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी असतात आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्यातच आहे.

प्लॅन बी चं आधी मिटवू. स्वप्नील कुसाळेचा रील दादाने नक्की पाठवला असणार, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमधे नेमबाजीत ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ, ४५१.४ पॉइंट. त्या दिवशी आमच्या ऑफिसात लोक काम सोडून टीव्हीला चिकटले होते. आता दादाला विचार, तो पॅरिसला गेला तेव्हा नोकरी काय करत होता. रेल्वेत टीसी होता, २०१५ पासून, म्हणजे मेडलच्या आधी नऊ वर्षं. आपल्या बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे? बारावी झाली की आर्मीत, ५ महार बटालियन, सियाचीनला पण पोस्टिंग करून आलेला, रनिंगचं सगळं त्याच्या नंतर. नीरज चोप्रा टोकियोत गोल्ड मारला तेव्हा पाच वर्षांपासून आर्मीत होता. वेटलिफ्टर मीराबाई चानू टोकियोला गेली तेव्हा रेल्वेत होती. म्हणजे दादाच्या भाषेत बोलायचं तर या सगळ्यांकडे प्लॅन बी होता, महिन्याच्या महिन्याला पगार होत होता, आणि तो होता म्हणून तर प्लॅन ए वर्षानुवर्षं टिकला ना! नेमबाजी म्हणजे काय खो-खो आहे का, मैदान आखलं आणि पळाले. रायफल, जॅकेट, गोळ्या, सगळंच महाग. स्वप्नीलचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्यांनी कर्ज काढलं, पण एका मास्तरच्या पगारावर दहा-बारा वर्षं गोळ्या नाही येत.

आता तू म्हणशील की त्यांना स्पोर्ट्स कोट्यातून नोकऱ्या होत्या, प्रॅक्टिसला सुट्ट्या मिळायच्या, माझी लिपिकाची नोकरी तशी थोडीच आहे. बरोबर आहे, तशी नाही. सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा फायली, वरून साहेबांचे फोन, निवडणूक लागली की ड्युटी. वेळ कमी मिळणार आहे, खोटं कशाला सांगू. पण आत्ता तुला जो दिवसाचा सगळा वेळ मिळतोय त्याचं तू काय करतेयस ते पण एकदा बघ. कॉट बेसिसचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज, हे सगळं दर महिन्याला बाबांकडून येतं आणि ते मागताना तुझा अर्धा दिवस जातो, मागितल्यावर उरलेला अर्धा. हे मी अंदाजाने म्हणतेय, पत्रात नाही लिहिलंयस तू, पण सदाशिव पेठेत माझी भाची तीन वर्षं राहिली, मला माहितीये पैसे संपत आल्यावर शेवटच्या आठवड्यात पुस्तकाची ओळ कशी पाचपाचदा वाचावी लागते ते.

आता चिकाटीचं. इथे मला जरा माझंच सांगावं लागेल, कंटाळा आला तर पुढच्या पॅराला जा.

मी कॉलेजात ८०० मीटर पळायचे. काही ग्रेट नव्हते, जिल्ह्याला नंबर यायचा, विभागीयला एकदा तिसरी आले, तिथे गाडी थांबली. एका सीझनला माझं टायमिंग दोन मिनिटं एकतीसला अडकून बसलं, तीन-साडेतीन महिने, रोज पहाटे पाचला ग्राउंडवर, उलटी होईस्तोवर पळायचे आणि तेच दोन एकतीस. मी मनात म्हणायचे आपण कमी पडतोय, अजून जोर लावायला पाहिजे, दुसऱ्या दिवशी अजून जोर, परत दोन एकतीस. आमचे सर फार बोलणारे नव्हते, त्यांनी शंभरपानी वही आणायला सांगितली आणि म्हणाले रोजचं टायमिंग लिही, पण एकच आकडा नको, दोन्ही राउंडचं वेगवेगळं लिही. पंधरा दिवसांनी वही बघितली. पहिला राउंड ६९, दुसरा ८२. पहिला ६८, दुसरा ८३. पहिला ६९, दुसरा ८२. सगळं पान तसंच. सर म्हणाले, तुझा जोर कमी नाहीये, तो सगळा पहिल्या चारशेत सांडतोय. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी मला पहिल्या राउंडला मागे धरून ठेवलं, मला रडायला यायचं, बाकीच्या पोरी पुढे जाताना दिसायच्या, पाय शिवशिवायचे. महिन्याभराने ७३ आणि ७४. म्हणजे दोन सत्तावीस! चार सेकंद गेले, तेही आधीपेक्षा कमी दमून.

तेव्हापासून कुणी मला म्हणालं ना की मी खूप मेहनत करते तरी होत नाही, की मी पहिल्यांदा वही मागते. तुझी वही कुठंय? नऊ मार्क गेले म्हणतेस, ठीक आहे, कुठल्या पेपरात गेले? निगेटिव्हमधे किती गेले? माहीत असून चुकलेले किती आणि माहीतच नसलेले किती? तुझ्या सगळ्या पत्रात 'नऊ' हा एकच आकडा आहे, बाकी सगळं 'खूप केलं', 'रात्रंदिवस', 'जीव तोडून'. मी पण तेच लिहायचे गं, जीव तोडून.

आता परत साबळेकडे ये, कारण त्याची वही सगळ्या जगाला दिसते. स्टीपलचेस माहितीये ना तुला, तीन हजार मीटर, त्यात २८ वेळा आडव्या ओंडक्यावरून उडी आणि ७ वेळा पाण्याची उडी. हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला तर ती काठी पडते, इथला ओंडका पडत नाही, जड लाकूड, साडेआठ-नऊ सेंटिमीटर कमी एक मीटर उंच, धडकलीस तर तूच पडणार. २०१८ ला भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंदांत ही शर्यत मारली आणि गोपाल सैनींचं १९८१ पासूनचं नॅशनल रेकॉर्ड मोडलं, सदतीस वर्षं कुणाला जमलं नव्हतं. रील इथेच संपते. खरी गंमत पुढे आहे. २०१९ ला पतियाळात ८:२८.९४ (आठ मिनिटं तीच, पुढे नुसते सेकंद लिहिते). मग त्याच वर्षी दोहाला वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या हीटमधे, म्हणजे प्राथमिक फेरीत, २५.२३, तीन दिवसांनी फायनलला २१.३७. २०२१ ला २०.२०. टोकियो ऑलिम्पिकला १८.१२. २०२२ ला १६.२१, मग १२.४८, मग बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला ११.२०. आणि जुलै २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमधे ८:०९.९१. दहा वेळा स्वतःचं नाहीतर दुसऱ्याचं रेकॉर्ड मोडलं आणि सगळं मिळून कमी किती झालं? वीस सेकंद सुद्धा नाही पूर्ण. सहा वर्षं, वीस सेकंद. मी हे आकडे परत परत बघते, मला त्यात फार बरं वाटतं काहीतरी. एकदा फक्त पाऊण-एक सेकंद कमी झालाय, त्याच्यासाठी सहा महिने.

आणि यातलं टोकियोचं बघ. त्या दिवशी त्याने नॅशनल रेकॉर्ड केलं, आयुष्यातली सगळ्यात फास्ट शर्यत, आणि हीटमधे सातवा आला, फायनलला गेलाच नाही. आता हा दिवस पास का नापास? दादाला विचारलं तर नापास, टीव्हीवर पण नापासच. त्याच्या वहीत मात्र तो दिवस पुढे गेलेला आहे, दोन सेकंदांनी. तुझं मागचं मेन्स तसं होतं का? त्याच्या आधीच्या मेन्सला किती मार्कांनी गेलं होतं? प्री दोनदा निघाली म्हणजे मेन्स दोनदा दिलीस, मग पहिल्याचं लिहिलंच नाहीस. समजा पहिल्यांदा चाळीसने गेलं आणि आता नऊने, तर बाई तू चुकीच्या गोष्टीवर रडतेयस. आणि समजा पहिल्यांदा पण नऊ-दहानेच गेलं होतं, तर मग तुझं दोन एकतीस झालंय, नुसता जोर लावून उपयोग नाही, काहीतरी बदलायला लागणार.

बदलण्यावरून आठवलं. रीलवाले एकच गोष्ट सांगतात, एकच ध्येय, त्याच्याच मागे लागा. खरे खेळाडू किती बदलतात गं! साबळे आधी क्रॉस कंट्री पळायचा, स्टीपलचेस हे नंतर आर्मीतल्या कोचने, अमरीश कुमारांनी सुचवलं. नॅशनल कॅम्पमधल्या परदेशी कोचची पद्धत त्याला मानवेना तर तो परत आपल्या कोचकडे गेला, लोक काय म्हणतील बघत नाही बसला. ललिता बाबर घे, माण तालुक्यातल्या मोहीची, शाळेत खो-खो, मग लांब पळायला लागली, मुंबई मॅरेथॉनला भारतीय बायकांमधे लागोपाठ पहिली, आता सरळ मॅरेथॉनच करत राहायचं ना, तिथे नाव झालं होतं. ती स्टीपलचेसला वळली. २०१६ ला रिओमधे हीटला ९:१९.७६ चं नॅशनल रेकॉर्ड आणि थेट ऑलिम्पिक फायनल, १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या फायनलला गेलेली आपली पहिली बाई. फायनलला दहावी आली. आणि पुढे काय झाली माहितीये? उपजिल्हाधिकारी. राज्य सरकारने नेमलं. तू ज्या खुर्चीसाठी चार वर्षं नवी पेठेत बसलीयस त्या खुर्चीत ती पळत पळत गेली. (हे हसण्यासाठी लिहिलंय, रडू नकोस.)

पॅटर्न बदलला म्हणून घाबरलीयस ते कळतंय, पत्रात एकाच ओळीत उरकलंयस पण मला वाटतं खरी भीती तीच आहे, नोकरी वगैरे नंतर. चार वर्षं गोल काळे करायची सवय आणि आता पानंच्या पानं लिहायची. यावर एकच माणूस आठवतो, खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. सगळं आयुष्य लाल मातीत कुस्ती केली आणि १९४८ ला लंडनला गेले तर तिथे मॅट. पाय वेगळा, पकड वेगळी, नियम वेगळे. तरी सहावे आले. माणूस म्हणू शकला असता की मातीत असतो तर दाखवलं असतं, आपल्याकडे अजून पण असं म्हणणारे पैलवान भेटतात चहाच्या टपरीवर. त्यांनी चार वर्षं मॅटवरच्या कुस्तीची तयारी केली, वजनगट पण वरचा घेतला, आणि १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल. जायला पैसे नव्हते तर गावाने वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार दिले. तिथे जपानच्या इशी या पैलवानाशी दमवणारी लढत झाली आणि लगेच सोव्हिएत पैलवानाशी लढायला उभं केलं, मधे अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपला एक अधिकारी तिथे हजर नव्हता. हे वाचलं की मला अजून राग येतो. एकट्याची चिकाटी, एकट्याची चिकाटी म्हणतात ना, एकट्याच्या चिकाटीची किंमत तिथे कळली.

म्हणून विचारते, तुझ्यासाठी मॅटच्या कडेला कोण उभं आहे? तुझी लेखी उत्तरं कोण तपासतंय? रूममेट 'छान लिहिलंयस' म्हणते ते धरू नकोस. क्लासची फी भरून आलेल्या पेपरवर नुसता टिक असेल तर तेही धरू नकोस. ज्याने लेखीची परीक्षा दिलीय, यूपीएससी दिलेलं कुणीतरी, किंवा चक्क एखादा जुना मराठीचा मास्तर, जो तुझ्या उत्तरात लाल पेनाने रेघ ओढून म्हणेल 'हे अर्धं पान कशाला?', असा एक माणूस शोध. आठवड्याला दोन उत्तरं. घड्याळ लावून. नोकरीत राहून एवढं होतं.

आता जरा कडू. दादाच्या रीलमधलं सगळ्यात मोठं खोटं काय आहे सांगू, की चिकाटी ठेवली की मेडल येतं. फायनलला उभे असलेले सगळेच चिवट असतात गं, चिकाटी नसलेला माणूस तिथपर्यंत पोचतच नाही, आणि तरी मेडलं तीनच असतात. मीराबाईचं बघ. २०१६ ला रिओत सहा लिफ्टपैकी एकच बरोबर, क्लीन अँड जर्कच्या (वजन आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) तिन्ही गेल्या, नावापुढे आकडाच नाही. मग २०१७ ला वर्ल्ड चॅम्पियन, टोकियोला २०२ किलो उचलून सिल्व्हर. इथे रील संपते, बरोबर? पॅरिसला काय झालं? १९९ किलो. तिसरी आलेलीने २००. एका किलोने गेलं मेडल. तीच बाई, तेच खांदे, आणि चिकाटी काय मधल्या तीन वर्षांत कमी झाली होती? साबळे कॉमनवेल्थला गोल्डपासून किती लांब होता तर पाच शतांश सेकंद, आणि १९९४ पासून त्या शर्यतीत केनियावाल्यांशिवाय कुणी मेडल घेतलंच नव्हतं. कुसाळे २०२२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला कैरोत चौथा, २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्सला पुढे चालला होता, शेवटाकडे उभ्या पोझिशनमधे एक शॉट ७.६ चा बसला आणि परत चौथा. दोन वर्षं लागोपाठ चौथा. मग पॅरिसची फायनल, नीलिंग (गुडघ्यावरची पोझिशन) झाल्यावर सहावा होता. तिथे तो तिसरा झाला. समजा नसता झाला, परत चौथा आला असता, तर? तर कांबळवाडीचा तो पोरगा पुण्यात परत येऊन ड्युटीवर हजर झाला असता, आणि कुणी त्याला म्हणालं असतं का की तुझ्यात चिकाटी नव्हती? बहुतेक म्हणालेच असते, आपले लोक आहेत. पण ते खोटं असतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच. चिकाटी आहे तुझ्यात, चार वर्षं कॉट बेसिसवर काढणं म्हणजे काय चेष्टा आहे का. प्रश्न चिकाटीचा नाहीच.

आणि थांबण्याबद्दल पण बोलून घेऊ, कारण दादा तिथे येणारच. अ‍ॅश बार्टी म्हणून ऑस्ट्रेलियाची टेनिसवाली होती. २०१४ ला टेनिस सोडलं, दमली होती, घरची आठवण यायची, आणि काय केलं तर क्रिकेट खेळली, ब्रिस्बेन हीटकडून बिग बॅश! २०१६ ला परत आली. २०१९ ला फ्रेंच ओपन, २०२१ ला विम्बल्डन, जानेवारी २०२२ ला स्वतःच्या देशात ऑस्ट्रेलियन ओपन, आणि दोन महिन्यांनी, जगात एक नंबर असताना, पंचविसाव्या वर्षी म्हणाली बास. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियोत मधेच बाजूला झाली, हवेत उलट्या मारताना आपण कुठे आहोत हेच कळेना, त्यात मान मोडू शकते माणसाची, लोकांनी नको नको ते बोलून घेतलं, आणि पॅरिसला येऊन तीन गोल्ड एक सिल्व्हर. तुमच्या अभ्यासिकेत मात्र सुट्टी घेतली की पाप. बारा तास, चौदा तास, कोण किती वाजता उठून गेलं याचा हिशोब. खेळाडू वर्षातले सगळे दिवस सारखे पळत नाहीत, कुठल्या महिन्यात वाढवायचं, कधी हलकं करायचं, शर्यतीआधी किती दिवस कमी करायचं, हे ठरलेलं असतं, रेस्टचा दिवस सुद्धा वहीत लिहिलेला असतो, 'रेस्ट' असं. आमचे सर तर रेस्टच्या दिवशी ग्राउंडवर दिसलं की ओरडायचे.

तर माझं म्हणणं, जॉइन हो. पहिले सहा महिने अभ्यासाचं फार मनावर घेऊ नकोस, नोकरी शिक, पगार झाला की पहिल्या पगारातून आईला काय घ्यायचं ते घे, झोप पूर्ण कर, तू पत्र रात्री पावणेतीनला पाठवलंयस मी वेळ बघितली. मग वही काढ. दोन्ही मेन्सच्या मार्कशीट समोर ठेव आणि पेपरवार लिही, रडत नाही, सर लिहायला लावायचे तसं, आकडे फक्त. आणि अजून किती अटेम्प्ट द्यायचे ते आत्ताच, डोकं शांत असताना ठरव, दोन म्हण, तीन म्हण, मला काही फरक पडत नाही, पण रिझल्टच्या दिवशी ठरवायचं नाही. रिझल्टच्या दिवशी माणूस एकतर 'आयुष्यात परत नाही' म्हणतो नाहीतर 'आता करूनच दाखवते', दोन्ही दुसऱ्या दिवशी खोटं ठरतं. परीक्षेच्या परवानगीचं वगैरे जॉइन झाल्यावर आस्थापनेत विचार, तिथे नक्की कुणीतरी असेल जो स्वतः तयारी करतोय, तो सगळं सांगेल.

लग्नाचं पत्रात काहीच नाहीये, २७ वय आणि लातूर म्हटल्यावर मला ते खरं वाटत नाही, पण तू लिहिलं नाहीस तर मी पण बोलत नाही. एवढंच की स्वतःचा पगार असला की त्या गप्पांचा सूर आपोआप बदलतो, स्वतःच्या घरात बघितलंय.

आणि दादा. त्याच्याशी भांडू नकोस. त्याला म्हण रील पाठव, चालेल, पण प्रत्येक रीलसोबत त्या खेळाडूला पगार कोण देत होतं ते पण शोधून पाठवायचं. दोन आठवड्यांत बंद होतील बघ, किंवा मग तोच म्हणेल जॉइन हो म्हणून. साबळेचा पाठवला तर त्याला सांग की २०२५ ला मोनॅकोत पडून त्याच्या गुडघ्याला लागलं, लिगामेंट, त्या वर्षीची वर्ल्ड चॅम्पियनशिप गेली. त्यावर रील सापडते का बघ म्हणावं.

जॉइनिंगला जाताना टायपिंगची सर्टिफिकेटं, डोमिसाइल, आणि लागू असेल तर जात वैधता आणि नॉन क्रिमीलेअर, सगळं ओरिजिनल घेऊन जा, झेरॉक्सचे तीन-तीन सेट वेगळे, फोटो पण आठ-दहा ठेव. मेडिकलसाठी सिव्हिलला सकाळी लवकर जा, अकरानंतर लाइन फार लागते. आणि एक शंभरपानी वही घे, दोनशेपानी नको, ती भरत नाही.

– ताई